वर चार बोटं

दिग्रसपासून सात मैलांवरच्या आमच्या गावात त्या काळी एकशे एकोणपन्नास घरं होती आणि दीडशे दारं. त्यांपैकी एकशे एकोणपन्नास दारांच्या चौकटींनी आमच्या सरांचं कपाळ चाखलेलं होतं. दीडशेवं दार मारुतीच्या देवळाचं. तिथं सर आधीच वाकायचे. लोक म्हणायचे, बघा, केवढा भक्तिभाव! सर म्हणायचे, "भक्ती नाई बे, अनुभव."

सर सहा फूट चार इंच उंच होते. हा आकडा मी अंदाजपंचे ठोकत नाही. तो कसा मोजला गेला, कुणी मोजला आणि त्यापायी एका तांड्यात कसा गदारोळ उडाला, ते पुढे येईलच. माझी सवय तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी सांगतो त्यातलं निम्मं घडलेलं असतं, आणि उरलेलं निम्मं घडायला हवं होतं. कोणतं कोणतं, ते तुमचं तुम्ही निवडा.

आम्ही पोट्टे त्यांना मागं 'शिडी' म्हणायचो. लिंबाच्या शेंड्याला पतंग अडकला की सरांना बोलावणं जाई. सर यायचे, चपला काढायचे आणि उभ्यानं पतंग काढून द्यायचे. चपला काढायची काही गरज नव्हती, पण झाडाचाही मान असतो म्हणायचे. एकदा प्रार्थनेला डोळे मिटून उभे असताना त्यांच्या डोक्यावर कावळा येऊन बसला. कावळ्याचा तरी काय दोष! शाळेच्या आवारात तेवढ्या उंचीचं दुसरं काही नव्हतंच. सरांनी प्रार्थना पुरी केली, कावळ्यानंही ऐकली, मग दोघं आपापल्या कामाला गेले.

त्यांच्या कपाळावर बारा महिने टेंगूळ असे. टेंगळाचा रंग पाहून, आदल्या दिवशी सर कोणाच्या घरी जेवायला गेले होते, ते आम्हाला सांगता येई. निळसर असलं तर पाटलाकडं, तिथली चौकट सागवानी. लालसर असलं तर कोणा गरिबाकडं, तिथं आडवा बांबू. याच टेंगळातून त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उगवलं होतं. वर्गात एखादा पोरगा पाठ वाकवून बसला की दुसरे मास्तर त्याच्या पाठीत छडी घालायचे. सर खाली बसायचे, पोराच्या ढोपरापासून जमिनीपर्यंत वीत टाकायचे आणि मान हलवायचे. "अबे, पोरगं वाकडं नाई. बाक वाकडा हाये."

त्यांच्या घरी जायला आम्हाला फार आवडे, कारण त्या एका घरात दोन घरं होती. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, जेमतेम साडेचार फूट. म्हणून सरांनी सगळ्या फळ्या दोन उंचीवर मारल्या होत्या. वरचं घर सरांचं, खालचं काकूंचं. भांडण झालं की काकू गुळाचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर मागं सारून ठेवायच्या, आणि सरांचं दाढीचं सामान आढ्याजवळ अडकून बसलेलं असायचं, कारण ते काढायला त्यांचेच हात लागत आणि ते हात गूळ शोधत जमिनीवर असत. "आमच्या घरात मांजराचंही माप घेतलं हाये," काकू सांगायच्या. "तिच्या वाटीखाली पाट दिला त्याईनं. मान दुखते म्हने तिची."

पाहुण्यांसाठी सरांनी पाच उंचीची पाच स्टुलं केली होती. माणूस दारात आला की सर एकदा खालून वर पाहायचे आणि आत ओरडायचे, "तीन नंबर!" एकदा गावचे पाटील आले. सर ओरडले, "पाच नंबर आना, रुंदवाला!" पाटील त्यानंतर पुढची दिवाळी होईपर्यंत त्या घराची पायरी चढले नाहीत.

आणि एस.टी.! दिग्रसच्या गाडीत सर बसले की पुढच्या सीटवरच्या माणसाला पाठीत दोन गुडघे फुकट मिळत. एकदा सरांनी खिशातून फूटपट्टी काढली, सीट मोजली आणि कंडक्टरला विचारलं, "साडेनऊ इंच जागा ठेवली तुमी. मी गुडघे कोठी ठेवू?"

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "घरी ठेवून येत जा ना, मास्तर."

सर हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं: साडेनऊ इंच. ती वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, बाजारातल्या दुकानदाराकडं असते तशी. पुढं ती माझ्या हाती आली, कारण वर्गात माझंच अक्षर वाचण्याजोगं होतं. "वहीवाल्या" हे माझं नाव तेव्हापासूनचं.

आता मुद्द्याची गोष्ट. आमची शाळा सातवीपर्यंत होती. आमचा जिल्हा नुकताच नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला होता. गावातल्या गावात बसून आम्ही राज्य बदललं होतं. नव्या राज्याच्या नव्या साहेबांनी कळवलं की आठवीची खोली बांधून दाखवा, शिमग्यानंतर आम्ही तपासायला येऊ, खोली पास झाली तर आठवी मिळेल. नाहीतर नाही.

आठवी न मिळती तर माझं काही फार बिघडलं नसतं. बापानं मला दिग्रसच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चिकटवलं असतं आणि तिथं कापसाच्या ढिगावर बसून मी गप्पाच ठोकल्या असत्या, जे मी नंतरही केलंच. बिघडलं असतं झमकीचं. झमकी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, गावापासून अर्धा मैल. त्या तांड्यातून सातवीपर्यंत पोचलेली ती एकटी पोरगी. डोकं असं की सर फळ्यावर गणित लिहायला घेत आणि खडू खाली यायच्या आत झमकी उत्तर सांगून बसलेली असे. तिच्या बापानं सरांना सरळ सांगितलं होतं, "मास्तर, गावात आठवी उघडली तं पोरगी शिकंल. दिग्रसले काई मी धाडत नाई. नाई उघडली तं चैतात लगीन लावतो. पावना पाहून ठेवला हाये."

म्हणजे शिमग्यानंतर साहेब, आणि चैत्रात पाहुणा. मध्ये एक खोली.

वरून खोलीचा छापील नकाशाही आला होता. सरांनी तो जमिनीवर पसरला आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. नकाशात खिडकीचा उंबरा जमिनीपासून चार फुटांवर होता. सर बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले, जणू तिथं ती खिडकी आहेच. मग म्हणाले, "बसलेल्या पोराले याच्यातून काय दिसंल? आभाळ. आन् तेही अर्धं." त्यांनी नकाशाची नीट घडी घातली आणि तो मुख्याध्यापकांच्या डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल जन्मात पहिल्यांदा स्थिर झालं. मुख्याध्यापकांनी त्या आनंदात पुढचं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "खोली कोनाची?"

"सरकारची," आम्ही ओरडलो.

"मंग सरकार बसंल तिच्यात. तुमी कायले आले?"

असा आमचा तो उद्योग सुरू झाला. खोली नावाला आठवीची, पाळीपाळीनं बसायचं सगळ्यांनीच, म्हणून शाळेतल्या एकूण एक पोराचं माप घ्यायचं, आणि त्या मापावरून खोलीचा नकाशा पोरांनीच काढायचा. उभं माप, बसलेलं माप, बसल्यावर डोळा कुठं येतो, कोपर कुठं येतं, हात वर केला तर कुठवर पोचतो. टेप झमकीच्या हाती, वही माझ्या. टेप कादरभाई शिंप्याचा. सरकारनं इंच-फूट जाऊन मीटर येणार असं जाहीर केल्याचं सरांनी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आने दो मास्टर, मानूस तं तेवढाच राहीन." त्या टेपची पहिली चार इंचं वापरून वापरून झिजली होती, म्हणून मोजणी पाचव्या इंचापासून धरायची आणि शेवटी चार वजा करायचे. एका दुपारी मी वजा करायचं विसरलो आणि अख्खी सहावी चार इंच उंच झाली. त्यांच्यातल्या एकानं लगेच बापाकडं नवा सदरा मागितला.

प्रत्येक मापानंतर सर एकच वाक्य म्हणत. आम्हाला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. "माप घ्या, वर चार बोटं ठेवा. पोरगं वाढते." आणि मापाच्या खुणेवर आपली चार बोटं आडवी ठेवून नवी खूण करत.

पहिला बाक सगळ्या मापांची सरासरी काढून बनवला. सुतारानं झकास रंधा मारून आणून ठेवला. आम्ही एकेक जण बसून पाहू लागलो. कोणाचे पाय लटकत होते, कोणाची ढोपरं हनुवटीला लागत होती. एकूण एक पोरगा बसून पाहिला, एकालाही बाक बसेना. "हा सरासरी पोट्टा हाये कोन?" सर चिडून म्हणाले. "हजेरीत नाव हाये का त्याचं?" मी हजेरी काढून खरंच शोधू लागलो. नव्हतं. मग झमकी म्हणाली, "सर, तुमच्या घरी स्टुलं पाच हायेत ना?" सर तिच्याकडं पाहतच राहिले. त्या दिवसापासून बाक तीन उंचीचे झाले. आणि तो सरासरी बाक? तो मुख्याध्यापकांना दिला. त्यांना तो नेमका बसला.

मोजणीत गाडी अडली ती तांड्यावर. तांड्यातली बारकी पोरं अजून शाळेत नव्हती, पण आठवी झाली की मागून येतील, म्हणून सरांना त्यांचंही माप हवं होतं. आम्ही टेप घेऊन गेलो. झमकीनं एका पोराच्या टाचेला टेपचं टोक लावलं मात्र, तिची याडी, म्हणजे आई, भरतकाम टाकून धावत आली. तिच्या अंगावरचे आरसे असे चमकत होते की मला वाटलं वीजच पडली.

"व माय! जित्त्या लेकराले मापतं का कोनी? मुडद्याले मापतेत! तिरडीचे बांबू तोडाले मापतेत!"

सगळ्या बाया जमल्या. पोरं आयांच्या घागऱ्यामागं लपली. कोणी म्हणालं, मापलं की पोरगं खुजं राहतं. कोणी म्हणालं, मापलं की पटकीत जातं. झमकीचा बाप हात मागं बांधून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर 'पावना पाहून ठेवला हाये' असं स्वच्छ लिहिलेलं मला दिसत होतं.

सरांनी वाद घातला नाही. डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली, आणि तांड्याच्या मधोमध, धुळीत, आकाशाकडं तोंड करून सरळ आडवे झाले. "पहिले मले मापा," ते म्हणाले. "मी मेलो तं पोरायले सोडा."

मग म्हातारा नायक पुढं आला. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक. त्यानं सरांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पाहायला बराच वेळ लागला. त्यानं याडीकडून भरतकामाचा लाल धागा मागितला. टाचेपासून डोक्यापर्यंत न्यायला गेला, तर धागा छातीशीच संपला. दुसरा जोडला. तोही कानाशी संपला. बाया तोंडावर पदर धरून हसू लागल्या. तिसरा तुकडा जोडून डोक्याशी गाठ मारली तेव्हा नायक कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मास्तर, तुमी मरू नका बाप्पा. तुमच्या तिरडीले बांबू आनाले झरीच्या जंगलात जा लागंल!"

तांडा असा हसला की गावातल्या गाई बावरून उठल्या. सर उठले, धूळ झटकली, चार पावलं चालून दाखवलं. जिवंत होते. मग आया स्वतःच पोरांना ओढून आणू लागल्या. "माह्या पोराले माप." "त्याले सोड, पयले हे माप."

याडीनं तो लाल धागा गुंडाळून झमकीच्या हातात दिला. "तोडजो नोको. जित्त्या मानसाचं माप हाये. धागा तुटला तं मानूस तुटंल." कादरभाईच्या टेपवर आम्ही धागा मोजला. सहा फूट चार इंच, वजा करून. मी हसण्याच्या भरात तो आकडा वहीत लिहायचा विसरलो. झमकीनं धागा परकराच्या कनवटीला खोचला.

या विसरण्याची गंमत पुढं आली.

पाटलांनी अखेर सागवान दिलं. रुंद स्टुलाचा राग त्यांनी सोडला, कारण त्यांचा नातूही वहीत होता आणि सरांनी त्याच्या नावापुढं 'वाढणार' असं लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. दगड गावानं वाहिले. खोली उभी राहिली. खिडक्यांचे उंबरे दीड फुटावर, बसलेल्या पोराच्या डोळ्याला नाला, पळसाची रांग आणि तांड्याची वाट दिसेल अशा बेतानं. फळा इतका खाली की पहिलीतल्या पोराचा हात वरच्या कडेला पोचावा. त्यावर लिहायला सरांना गुडघे टेकावे लागत, आणि त्यानंतर ते गावात होते तोवर त्यांच्या पायजम्याला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं होती.

दाराचं माप शेवटी काढलं. सर्वांत उंच पोरगा पाच फूट. वर चार बोटं. सुतारानं तेवढ्या मापाची चौकट बसवून टाकली. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण त्यानं जन्मभर गावात तेवढीच दारं बसवली होती, आणि आम्हालाही दिसलं नाही, कारण आम्ही जन्मभर तेवढ्याच दारांतून गेलो होतो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी खोली झाडून-सारवून झाली. सर हातात नारळ घेऊन ऐटीत निघाले. आणि असा आवाज आला की पाटलाच्या वाड्यात बैलानं दावं तोडलं.

सर दाराबाहेर धुळीत बसले होते. एका हातात नारळ, दुसरा हात कपाळावर. नारळ शाबूत होता. आम्हाला हसावं की रडावं कळेना. जिल्ह्यातल्या तमाम बुटक्या दारांना शिव्या घालण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी त्यांत आणखी एकाची भर घातली होती, तीही रीतसर मोजून-मापून.

"सगळ्यायले मापलं," सर हळूच म्हणाले. "मलेच राह्यलं."

माझी मान खाली गेली. तो आकडा वहीत असता तर झमकीच्या नजरेतून सुटला नसता. ती म्हणाली, "सर, चौकट काढून टाकू. रातभर सारे मिळून—"

"नाई," सर उठले. "खोली कोनाची? तुमची. दार तुमच्या मापाचं हाये. मी काय, येतो वाकून."

पण साहेब कसे येणार वाकून? सगळ्यांच्या मनात तेच होतं.

साहेब दुपारी बारा वाजता आले, छकड्यातून, सात मैल उन्हात भाजून निघत. गोरे, गोल आणि सोला टोपी घातलेले. बोलणं पुण्याकडचं. दारात आले, टोपी चौकटीला लागून मागं उडाली आणि आमच्या पाटलांच्या हातात पडली. पाटलांना वाटलं, सत्काराचा काही नवा प्रकार आहे. त्यांनी ती आपल्या डोक्यावर ठेवली.

"हा दरवाजा आहे की खुराडं?" साहेब कडाडले. "मंजूर नकाशा कुठाय? खिडक्या जमिनीला टेकल्यात! मुलं बाहेर बघत बसतील!"

"हो साहेब," सर म्हणाले. "त्याच्यासाठीच केल्या."

झालं. मला जिनाचा भोंगा ऐकू येऊ लागला. खिडकीतून तांड्याच्या वाटेवर झमकीचा बाप दिसत होता. तो मुद्दाम आला होता, आणि आत न येता पळसाखाली उकिडवा बसला होता. त्याला बातमी तेवढी घेऊन जायची होती.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात झमकी पुढं झाली. "साहेब, तुमी उभ्यानं पाहून राह्यले. आमी बसून शिकतो. बसून पाहा ना."

"काय?"

"बसून पाहा. मंग लिवा काय लिवाचं ते."

साहेबांत बहुधा नाही म्हणायचंही त्राण उरलं नसावं, उन्हानं मेणबत्तीसारखे वितळले होते. धप्पकन खिडकीशी, सारवलेल्या गार जमिनीवर बसले. आणि नाल्यावरून येणारा वारा, जो चार फुटांच्या खिडकीतून त्यांच्या डोक्यावरून निघून गेला असता, तो नेमका त्यांच्या घामेजल्या तोंडावर आला. साहेबांनी डोळे मिटले. "अं," म्हणाले. मग पुन्हा "अं." मग भिंतीला टेकले. आणि मग, देवाशपथ सांगतो, घोरू लागले.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं, गुडघे टेकले आणि कुजबुजत्या आवाजात अपूर्णांकांचा धडा सुरू केला. आम्ही कुजबुजत उत्तरं दिली. पाटील टोपी घालून दारात पहाऱ्याला बसले. एक कुत्रं आत आलं, त्यानं परिस्थिती पाहिली आणि पाऊल न वाजवता परत गेलं. माझ्या हिशेबानं साहेब तीन तास झोपले. झमकी म्हणते, अर्धा तास. ती गणितात हुशार आहे, पण गोष्ट सांगण्यात कच्ची.

साहेब जागे झाले. पाणी प्यायले. खिडकीतून पळसाखालच्या त्या माणसाकडं पाहिलं. "तो कोण?" विचारलं. सरांनी सगळं सांगितलं. आठवी, चैत्र, पाहुणा. साहेबांनी पेन उघडलं आणि लिहिलं. ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे, कारण सरांच्या पुढच्या आयुष्याची दिशा त्यानं ठरवली: "वर्गात हवा उत्तम. आठवीस हरकत नाही. दार पुढील वर्षी उंच करावे. शिक्षक हट्टी."

झमकी वाकायच्या भानगडीत पडली नाही, त्या दारातून वाऱ्यासारखी सरळ बाहेर धावली. दार तिच्याच मापाचं होतं. पळसाखाली तिनं बापाला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. बाप उठला, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि तांड्याकडं चालू लागला. थोडा पुढं गेल्यावर वळला आणि ओरडला, "मास्तर! पावन्याले सांगतो, चार वर्सं थांब म्हनून!"

पाहुणा थांबला नाही. त्यानं दुसरी केली. ते एक बरं झालं.

दार काही पुढल्या वर्षी उंच झालं नाही आणि कधीच झालं नाही. 'शिक्षक हट्टी' मात्र कोणीतरी वर वाचलं. दोन वर्षांनी सरांची बदली झरीकडच्या जंगलात झाली, जिथं शाळेला भिंतीच नव्हत्या. सर खुश झाले. म्हणाले, "तठी कपाळ आपटाले काईच नाई." काकूंनी पाचही स्टुलं छकड्यात चढवली आणि मांजरीचा पाट आपल्या मांडीवर घेतला.

त्यानंतरचं थोडक्यात. झमकी मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, आणि सत्तर साल उजाडायच्या आधी तिच्याच तांड्यात नवी शाळा बांधायचं ठरलं तेव्हा तिथंच बाई म्हणून आली. उद्घाटनाला मला बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर खिडक्या खाली, फळा खाली, बाक तीन उंचीचे, सगळं ओळखीचं. दार मात्र भलतंच. हत्ती अंबारीसकट जावा असं. मी म्हणालो, "झमके, पहिली-दुसरीच्या पोरायले एवढं दार? अठी कोन येनार हाये, उंट?"

ती नुसती हसली. "थांब ना भाऊ. गाडी यायची हाये."

दुपारच्या एस.टी.तून सर उतरले. आधी गुडघे उतरले, मग सर. केस पांढरे, मान खांद्यांत गेलेली. आयुष्यभर चौकटींना वाकून वाकून ती तशीच राहिली होती. कपाळावरचं टेंगूळ तेवढं मावळलं होतं. झरीचं जंगल मानवलं असावं. याडी आता म्हातारी झाली होती, तिनं पुढं होऊन त्यांच्या पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जित्ते हाये ना बाप्पा! म्या सांगतलं नोतं, धागा तोडू नोको म्हनून?"

सर दाराशी आले आणि सवयीनं वाकले. अगदी मारुतीच्या देवळात वाकत तसे. वाकूनच आत आले.

"सर," झमकी म्हणाली. हा आवाज मी ओळखला. आठवीत कोणी गणित चुकलं की सर असं म्हणायचे. "परत जा. पुन्हा या. सरळ."

सगळी पोरं बघत होती. सर तिच्याकडं पाहू लागले, मग वर चौकटीकडं. मुकाट्यानं बाहेर गेले. तेव्हा झमकीनं पदराच्या गाठीतून तो लाल धागा काढला, विटून गुलाबी झालेला, तीन तुकड्यांचा, गाठींसकट. टोक उंबऱ्याला लावलं, धागा वर ताणला. माथ्याची गाठ चौकटीच्या खाली राहिली.

"चार बोटं जास्त हाये," सर म्हणाले. "मी का आता वाढतो काय बे?"

"माप घ्या, वर चार बोटं ठेवा," झमकी म्हणाली. "तुमीच सांगतलं."

सरांनी मान सोडवल्यासारखी हलवली. एकेक मणका सरळ होताना मला दिसत होता. आणि सहा फूट चार इंच, वजा करून, त्या दारात ताठ उभे राहिले. मग हात वर नेला आणि डोक्यावर चार बोटं आडवी ठेवली. बोटं चौकटीला टेकली, नेमकी. तसेच उभे राहिले. मागं तांड्यातली चाळीस पोरं आत यायला खोळंबली होती, पाटलांचा नातू खोळंबला होता, मी खोळंबलो होतो. ऊन तापलं होतं.

सरका म्हणून कोणी म्हणालं नाही.